काट्यावरचे सहा किलो

"काटा बिघडलाय, आई," सून वाकून बघत म्हणाली. "वर कुणीच उभं नाही आणि हा सहा किलो दाखवतोय. सेल बदलून आणते."

"सेल चांगले आहेत," टपालबाई म्हणाल्या. "तू जरा चहाचं बघ."

टपालबाई हे इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. तीस वर्षं त्यांनी टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून पार्सलं तोलली होती आणि वजनावरून हुज्जत घालणाऱ्या भल्याभल्यांना गप्प बसवलं होतं. म्हातारपणी मात्र काट्याने त्यांचाच अंत पाहिला. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर. वर्षभरात त्या रस्त्यावर उतरल्या नव्हत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन बहात्तरवर आणा, मगच गुडघे बदलू. बाईंनी साखर सोडली, रात्रीचं जेवण सोडलं, खुर्चीत बसून हातपाय हलवले. काटा आठ महिने अठ्ठ्याहत्तरवरून ढिम्म हलला नाही.

हलला तो दीड महिन्यापूर्वी. सकाळी साडेसत्याहत्तर दिसले आणि बाईंना रडूच फुटलं. खाली उतरून डोळे पुसले, तर रिकाम्या काट्यावर अर्धा किलो तसाच. पुढच्या आठवड्यात त्यांचा आणखी एक किलो गेला. रिकामा काटा दीड दाखवू लागला.

बाई सहजासहजी भुलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी साखरेचा पुडा ठेवून पाहिला; किलोचा किलोच वाढला. मग भिंतीला धरून, लंगडत लंगडत, काटा स्वयंपाकघरात नेला. तिथे शून्य. हायसं वाटून त्यांनी चहा गाळायला घेतला, आणि कप भरेपर्यंत काट्यावर पुन्हा दीड किलो येऊन उभा होता.

त्या दिवशी बाई घाबरल्या. दुसऱ्या दिवशी जरा कमी घाबरल्या. तिसऱ्या दिवशी पलंगावरची पलीकडची उशी किंचित दबलेली दिसली. दीड वर्षापूर्वी वारलेले त्यांचे यजमान डोकं ठेवायचे, नेमकी तिथेच. मग मात्र भीती पार गेली. त्यांना बरं वाटलं, इतकं बरं की कुणाला सांगायचीही चोरी.

आता सून आत गेलीय असं बघून त्या काठी टेकत उठल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, उतरा जरा."

सहाचं शून्य झालं. बाई काट्यावर चढल्या. बहात्तर.

सून चहा घेऊन आली ती आकडा बघून दारातच थबकली. "आई, बहात्तर. जमवलंत की तुम्ही." तिने कप खाली ठेवला. "आजच डॉक्टरांकडून तारीख घेते. दोन-तीन महिन्यांत स्वतःच्या पायांनी जिना उतराल. आणि ही उपासमार आता पुरे झाली."

तिने अंडं आणि लोणी लावलेला टोस्ट आणून समोर ठेवला. बाईंच्या पोटात कावळे ओरडत होते. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, कोपऱ्यावरचं बाक दिसत होतं. तिथवर चालत जायचं, एवढंच तर त्यांना वर्षभर हवं होतं.

त्यांनी बशी मागे सारली. "तारीख नको घेऊस इतक्यात. अजून कमी करायचंय."

"अजून? किती?"

बाई रिकाम्या काट्याकडे बघत होत्या. त्यावर पुन्हा सहा उमटले होते. शेवटी आजाराने यजमानांची पार काडी झाली होती. पण धडधाकट असताना ते चांगले एकाहत्तर किलोचे होते. म्हणजे अजून पासष्ट हवेत. आपल्याजवळ बहात्तर आहेत.

"पुरतील," त्या म्हणाल्या आणि बशी उचलून त्यांनी सुनेच्या हातात दिली.