उजेड किती हवा

गिरणीचा संप लांबला, तसा काळाचौकीचा हरेश्वर मोरीच्या दाराला गोधडी लावून घरीच फोटो धुवायला शिकला. नव्या फिल्मला उजेड किती लागतो हे बघायला त्याने बायकोला, दमयंतीला, खिडकीशी बसवलं आणि दर फोटोला कॅमेऱ्यात थोडा जास्त उजेड घेत गेला.

“हसू नकोस.”

“हसायला झालंय काय?”

फोटो वाळले. पहिल्यात ती तव्यासारखी काळी आली होती.

“ह्या आमच्या सासूबाई,” दमयंती म्हणाली.

मधला झकास जमला होता. हरेश्वर खूश झाला. पण तिने शेवटचा उचलला. त्यात चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

“अगं, तो बिघडलाय!”

“असू दे. यात माझे बसलेले गाल दिसत नाहीत. माझ्या आईला गावी हाच पाठवा.”