होल्टमनच्या सावलीत

"अम्ब्रोसी आजोबा, तुमचा एकही ऑपेरा परदेशात कुणालाच कसा आवडला नाही हो?"

विचारून टाकलं एकदाचं! जिन्यात लपलेल्या मैत्रिणी, इया आणि मारेख, तोंडावर हात दाबून खुसखुसल्या. पैज त्यांचीच. "विचारून दाखव, मग तुला मानू." तेकलेनं मागे वळून त्यांना जीभ दाखवली.

सोळा वर्षांच्या तेकलेला सध्या कशाचीच भीती वाटत नव्हती. अख्ख्या कुताइसी शहरातून तिची एकटीची निवड झाली होती. जर्मनीत, लाइप्झिगला, थेट होल्टमनच्या हाताखाली संगीतरचना शिकायला! तोच होल्टमन, ज्याचा 'नावाडीण' हा ऑपेरा जगभर गाजतो. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नावाडीण नदीच्या मध्यावर वल्हं उचलते, एक सूर लटकत राहतो, आणि ऑपेरा तिथेच तुटतो. त्या तुटण्यावरच तर जग फिदा होतं. तेकलेला सगळा तोंडपाठ होता.

वरच्या मजल्यावर राहणारे अम्ब्रोसी आजोबा रागावले नाहीत. "ये आत. त्या दोघींनाही बोलाव, गारठतील जिन्यात."

धडधड पावलं वाजली.

"पळाल्या? बरं झालं. त्यांच्या वाटचे अक्रोड तूच खा." त्यांनी कपाटावरून एक डबा काढला. "जर्मन येतं ना तुला? वाच मोठ्यानं. माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही."

डब्यात पत्रं होती. ग्रात्स, बाझेल, ब्रेमेन... चौदा नाट्यगृहं, तीस वर्षं. तेकले ठसक्यात वाचायला लागली आणि तिचा आवाज हळूहळू बसत गेला. 'कारागिरी उत्तम, पण होल्टमनची छाप फार.' 'होल्टमनच्या सावलीतून बाहेर या.' एकानं तर सरळ लिहिलं होतं, 'आमच्याकडे खरा होल्टमन आहे.'

"पाचही ऑपेरांना हेच उत्तर?"

"पाचही."

तिचे कान तापले. "मग त्याच्यासारखं लिहिणं सोडायचं ना, आजोबा!"

"करून पाहिलं, पोरी. लिहायला दुसरा हातच नाही मला."

"भेटलाय तो तुम्हाला कधी?"

"भेटलाय म्हणजे? तीन आठवडे या खुर्चीत बसून माझ्या बायकोच्या हातची मक्याची भाकरी खाल्लीय त्यानं. तरुण होता, गोड बोलायचा. दिसेल त्याची तारीफ. भिंतीवरच्या कट्यारीची केली, दिली काढून. आईच्या गालिच्याची केली, तोही दिला."

यात तेकलेला काही वेगळं वाटलं नाही. पाहुण्यानं नावाजलेली वस्तू कोण घरात ठेवून घेतं? तिच्या बाबांनी ईस्टरला अंगावरचा नवा कोट असाच देऊन टाकला होता. आई अजून टोमणे मारत होती.

"त्याचा 'नावाडीण' येतो तुम्हाला? वाजवा ना!"

"येतो थोडासा."

ते पियानोपाशी बसले. बोटं वाकडी झालेली, पण पहिल्याच सुराला खोलीतली हवा हलली. तेकले गुणगुणू लागली. तिसरा अंक. पाणी चढलं, होडी मध्यावर आली, वल्हं वर गेलं, तो एकच सूर लटकला. इथे जग उभं राहून टाळ्या वाजवतं. तेकलेनंही हात उचलले.

बोटं थांबली नाहीत.

वल्हं खाली आलं. पाणी दुभंगलं. मंद्रातून एक सूर उठला, त्याला दुसरा भेटला, मग तिसरा, आणि तीन गळ्यांनी एकदम गावं तशी नदी गाऊ लागली. तेकलेचे हात हवेतच राहिले. काठ जवळ येत होता. तिला तो दिसत होता! काठावरची माणसं, त्यांचे कंदील, आणि नावाडीण चिखलात पहिलं पाऊल टाकताना. 

"हे... हे काय होतं?"

"पुढचं," आजोबा म्हणाले. "तो गेला तेव्हा एवढं लिहायचं राहिलं होतं."

तेकलेनं हात खाली घेतले. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. हा तिला कुणीही शिकवलेला नव्हता.

ती खाली घरी आली तेव्हा आई पेटीत लोकरीचे स्वेटर दाबून बसवत होती. बाबा फोनवर आत्याला सांगत होते, "अगं हो, होल्टमन! तोच तो!"

"आई, बाबा, मी लाइप्झिगला जात नाही."

बाबांनी फोन खाली ठेवला. "डोकं फिरलंय का तुझं? ज्यानं 'नावाडीण' लिहिला, तो माणूस स्वतः तुला शिकवायला तयार झालाय!"

"हो, झालेत तयार," तेकले म्हणाली. "उद्या चारला बोलावलंय, वरच्या मजल्यावर."