बाहेरचं बघा

“गिळलं,” ठकी म्हणाली आणि पुन्हा ओठ घट्ट मिटून बसली.

स्वयंपाकघरातला वजनकाटा तिच्या मांडीवर पालथा पडला होता. पाठीवरचं झाकण उघडं, आणि आतला कोटाच्या बटणाएवढा चपटा सेल गायब. आईनं सतरंजी झटकली, टेबलाखाली हात फिरवला, ठकीचं तोंड उघडून आत बोट घातलं. सेल कुठेच नव्हता. चार वर्षांची पोर. खोटं बोलायचं वय अजून यायचं होतं.

दोन मिनिटांपूर्वी याच खोलीत काय उत्साह होता म्हणून सांगू! जेवणाचं टेबल मोकळं करून तिघं बसले होते, ठकीचे आई-बाबा आणि धाकटा काका. काकानं भिंतीवर मोठा कागद चिकटवला होता आणि त्यावर नव्या धंद्यांच्या कल्पना भराभर उतरत होत्या. आईबापांना सल्ले देणारी त्यांची वेबसाइट वर्षभर रडतखडत चालली होती. दिवसाला पन्नास माणसं आली तरी देव पावला म्हणायचं. आणि गेल्या महिन्यात काय जादू झाली कोण जाणे, माणसं हजारांनी यायला लागली. साइट सांभाळायची काकानं, जाहिराती आणायच्या बाबांनी, आणि लिहायचं सगळं आईनं. बाळाची शी, बाळाची झोप, बाळाचा हट्ट. रोजचे दोन लेख, सुट्टी नाही. या सगळ्या गडबडीत पोर काय करतेय, इकडे मात्र तिघांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं.

“दवाखान्यात न्यायची का?” बाबा खुर्चीतून उठले.

“थांब, आधी बघू तरी,” म्हणत काकानं मोबाइल उचलला. “हे बघ, पहिली आपलीच साइट...”

“आपली नको हो, भाऊजी!” आई एकदम ओरडली. “बाहेरचं बघा. मोठ्या, चांगल्या ठिकाणचं.”

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण ते ऐकायला शुद्धीवर होतं कोण?

काकानं बाहेरचं बघितलं. पहिल्या साइटवर पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांचा हसरा फोटो होता. “‘घाबरून जाऊ नका. पिकलेलं केळं खायला द्या आणि छत्तीस तास वाट पाहा. वस्तू आपोआप बाहेर पडते.’” दुसऱ्या साइटवरही केळं, आणि छत्तीस तास. तिसरीवर तर ‘तज्ज्ञांनी तपासलेलं’ असा हिरवा शिक्काच होता. तिथेही तेच.

“हात्तिच्या!” बाबा धपकन खुर्चीत बसले. “उगाच जीव टांगणीला लागला.”

आईच्याही जिवात जीव आला. मुलांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यात रविवार. तिनं केळं सोललं, ताटलीत चकत्या केल्या आणि ठकीपुढे धरल्या. ठकीनं मान फिरवली. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. आईनं पदरानं ती पुसली, पण लगेच पुन्हा आली.

“खा ना गं, राणी. एकच घास.”

ठकीनं गळ्याकडे बोट दाखवलं.

काका तोवर कागदाकडे परतला होता. या माणसाला कशातही धंदा दिसायचा. “वहिनी, यातूनच एक झकास सुचलं. घाबरलेल्या आईबापांसाठी फोन सेवा! मिनिटाला अमुक इतके पैसे. अशा वेळी कोण घासाघीस करतंय?”

बाबा हसले. जरा जास्तच मोठ्यानं हसले.

आईला मात्र हसू येईना. आत काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. “भाऊजी,” ती म्हणाली, “ते पुन्हा वाचा. अगदी शेवटपर्यंत.”

“अहो, वाचलं की मघाशी.”

“वाचा म्हणते ना!”

काकानं सुस्कारा सोडला आणि वाचायला लागला. केळं, छत्तीस तास, भरपूर पाणी. “‘...आणि एक लक्षात ठेवा. मूल हसतंखेळतं असेल, तर तुम्हीही हसत राहा.’ छान लिहिलंय की. दुसरीवरही शेवट हाच आहे.”

आईच्या हातातली ताटली टेबलावर आदळली. तिनं ठकीला उचलून कडेवर घेतलं. पायात चपला सरकवल्या, एक तिची आणि एक बाबांची.

“गाडी काढा,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

“अगं, पण आत्ताच तर वाचलं...”

“गाडी काढा म्हणतेय ना!” तिचा आवाज चिरकला. बाबा किल्ली शोधत धावले. ती दारातून वळली. “आणि भाऊजी, आपल्या साइटवरचं ते गिळण्याचं पान काढून टाका. आधी ते. बाकी सगळं मग.”

“वेड लागलं की काय, वहिनी? सगळी गर्दी त्याच पानावर येतेय!” काका तिच्यामागे जिन्यापर्यंत आला, हातात मोबाइल तसाच. “आणि त्यात चूक काय आहे? या तिघांनीही तेच लिहिलंय. तीन-तीन ठिकाणं खोटं सांगतील का?”

ती दोन पायऱ्या उतरली होती. ठकीच्या लाळेनं तिचा खांदा भिजत होता.

“तिघांनी माझंच उतरवून घेतलंय, भाऊजी,” ती म्हणाली. “ते छत्तीस तास मी मनाचेच लिहिले होते.”