ओलं पोतं

विझवलेली भट्टी थंड व्हायला दोन दिवस लागतात. ऐन हंगामात गूळ कारखान्याच्या अच्युतराव साहेबांना तेवढा खोळंबा नको होता. म्हणून कामगार सुगत अंगाभोवती ओलं पोतं गुंडाळून तापल्या भट्टीत चिकटलेली राख फोडायला शिरला. भट्टीच्या तोंडाशी उभी राहून त्याची बायको पंचशीला हाका मारत होती. आतून ओ येईना, तशी ती कचेरीकडं धावली.

साहेब टीव्हीसमोर हात जोडून बसले होते. बातम्यांत दाखवत होते त्या अंतराळयानाची उष्णता अडवणारी ढाल तडकली होती, आणि आतले चौघे पृथ्वीकडं परत निघाले होते.

"साहेब, माझा माणूस भट्टीत हाय, ओ देईना झालाय! कुणाला तरी धाडा!"

साहेबांनी मान न वळवता हात वर केला.



"जरा दम धर की अक्का. चार जणांच्या जिवाचा प्रश्न हाय हितं!"