उभी गाडी

खाचखळग्यांतून उड्या मारणारी उंच गाडी डांबरी ट्रॅकवर वळणं घ्यायला उतरवायची, तर आधी तिला बुटकी करावी लागते. गॅरेजवाल्या वस्तादांनी आपल्या लेकासाठी तेच केलं. पुढचे-मागचे शॉकअप उघडून गाडी चांगली तीन इंच खाली आणली.

"बाबा, आता साइड स्टँड लांब पडतोय," लेक म्हणाला. "गाडी ताठ उभी राहतेय. जरा धक्का लागला तर पलीकडे पडेल."

"रेस झाली की कापू तेवढा. अरे, उभ्या गाडीने कधी कुणाचं वाकडं झालंय?"

रविवारी, रेसच्या दिवशी, दिवसभर वस्तादांच्या बायकोचा जीव टांगणीला. या गाडीला तिने आजवर बोट लावलं नव्हतं. संध्याकाळी लेक गाडीवरून धडधाकट उतरला, अंगावर साधा ओरखडा नाही, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. वस्ताद लेकाला घेऊन आत गेले. खिडकीतून पाहिलं तर ही फडकं घेऊन गाडीच्या पलीकडे, दगडी पायरीशी बसलेली.

"माझ्या लेकराला नीट घरी पोचवलंस गं बाई," असं गाडीला म्हणत ती चाकावरची धूळ खसाखसा पुसत होती. वस्तादांना हसू आलं. ते शेवटच्या वळणाची हकिकत ऐकायला वळले, तोच अंगणात धाडकन आवाज झाला.



तिला स्मशानात पोचवून आल्यावर वस्तादांनी करवत घेतली आणि स्टँड कापला. अगदी मापात.