दुसरी युरिडिसी

"युरिडिसी! तुझा नवरा तुला परत न्यायला आलाय!" पाताळाच्या दारातून दूतानं हाक दिली, आणि थीब्जची राणी लगबगीनं उठली. राजाच्या हट्टापायी मुलगा गेला, तेव्हा नवऱ्याला शिव्याशाप देतच तिनं स्वतःला सुरी खुपसून घेतली होती. तरी हाक ऐकताच तिचे हात आपसूक केस सारखे करू लागले.

"राजा एकटाच आलाय?"

"कसला राजा? गवई आहे तो. बायको साप चावून मेली त्याची."

मागून एक कोवळी पोर सुजलेला पाय ओढत पुढे आली. तिचंही नाव युरिडिसीच. राणीनं केसांवरचा हात खाली घेतला. मग वाकून तिनं पोरीच्या चपलेचा बंद सैल करून बांधला.

"तो पुढे, तू मागे," दूतानं अट सांगितली. "उजेडात पोचेपर्यंत त्यानं वळून पाहिलं, तर तू कायमची इथेच."

"मग पाय आपटत चाल गं," राणीनं तिला बजावलं. "मेलेल्यांची पावलं एरवी वाजत नाहीत. तू मागे आहेस हे त्याला कळू दे."

पोर गेली. गवयाचं गाणं लांब लांब जात अचानक थांबलं. जराशानं ती एकटीच परत आली आणि राणीला बिलगून रडू लागली.

"अगदी दाराशी पोचलो होतो हो मावशी! आणि त्यानं वळून पाहिलं."

राणी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"पाहिलं ना वळून?" ती शेवटी म्हणाली. "आमच्या राजानं मी जिवंत असतानाही कधी पाहिलं नाही."