ओढ्याचा मध्य

“शून्य कुठे धरू?” आरेखकाने तिसऱ्यांदा विचारलं.

टेपचं टोक त्याच्या मुठीत घामाने ओलं झालं होतं. अलीकडच्या काठावर अलीकडच्या नगरपालिकेच्या मुख्याधिकारी बाई उभ्या होत्या, म्हणजे त्याच्याच साहेब. पलीकडच्या काठावर पलीकडच्या नगरपालिकेचे साहेब. मध्ये वीस पावलांचा पूल होता. पण तो कोणाच्या हद्दीत येतो हे अजून ठरलेलं नसल्यामुळे दोघंही आपापल्या काठावरून ओरडून बोलत होते.

ओरडून का होईना, बोलत होते. चार वर्षं आणि अकरा बैठका झाल्यावर आज सकाळी दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या होत्या. ओढ्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना पंधरा मीटर मोकळे ठेवायचे. त्यात बांधकाम असेल तर पाडायचं, भराव असेल तर उचलायचा. मध्य कोणता, तर नकाशात दाखवलेला. नकाशा आरेखकाने स्वतः काढलेला होता, चार वर्षांपूर्वी. आता फक्त लाल रंगाची रेघ ओढायची बाकी होती.

घोटाळा एवढाच, की चार वर्षं कागद इकडून तिकडे फिरत असताना ओढाही स्वस्थ बसला नव्हता. पलीकडच्या बिल्डरने डंपरवर डंपर माती ओतून त्याला सहा मीटर अलीकडे ढकललं होतं. आरेखकाने पुलाच्या कोपऱ्यापासून मोजून पाहिलं, तर नकाशातला मध्य आला तो थेट भरावाच्या डोक्यावर, बिल्डरच्या राखणदाराच्या खुर्चीखाली. राखणदार सभ्य माणूस. “मध्य आलाय का? मग उचलतो की,” म्हणाला आणि खुर्ची बाजूला घेतली.

“म्हणजे शून्य इथे,” आरेखक ओरडला.

“काहीतरीच काय!” साहेब म्हणाले. “तिथे धूळ उडतेय. ओढा म्हणजे पाणी. पाणी जिथे, मध्य तिथे.”

“पण सकाळी सही...”

“पाणी काय तुमची सही वाचून वाहतं?”

आरेखकाने आशेने आपल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“मला साहेबांचं पटतंय,” त्या म्हणाल्या.

चार वर्षांत दोन्ही नगरपालिकांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. ते मोडायची कोणाची हिंमत नव्हती.

आरेखकाच्या डोक्यात आकडे भुणभुणायला लागले. अलीकडच्या काठावर एक पाळणाघर होतं, नकाशातल्या मध्यापासून सतरा मीटरवर. पाण्याच्या मध्यापासून अकरा. म्हणजे व्हरांडा गेला, मुलांना झोपवायची खोलीही गेली. आणि तिकडे भरावाचे सहा मीटर आयते सुटले. तो पूल ओलांडून अलीकडे आला, परत अर्ध्यापर्यंत गेला, परत आला. पाळणाघराकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं आणि दोनदा बघितलं.

पाळणाघरवाली कडेवर मूल घेऊन कुंपणाशी आली. “काय ठरलं?”

“बाई, तुम्ही आत जा. मोजणी चालू आहे,” आरेखक शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाला.

“बाई?” ती म्हणाली. “बाळ्या, ऊन लागलं का रे तुला?”

दोन्ही काठांवरच्या माना वळल्या.

“या कोण तुमच्या?” मुख्याधिकारी बाईंनी विचारलं.

“सख्खी मोठी बहीण,” उत्तर बहिणीनेच दिलं. “याची नाकं पुसलीयेत मी.”

“अच्छा, म्हणून नकाशातला मध्य होय!” पलीकडच्या साहेबांचा चेहरा खुलला.

“साहेब, मध्य तुमच्या सहीखाली आहे,” आरेखक म्हणाला. पण ते कोणी ऐकलं नाही. त्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत, तेव्हा टेप तटस्थ माणसाच्या हाती द्यावी, असं ठरलं. हे दुसरं एकमत. तटस्थ म्हणजे दोन्ही नगरपालिकांपैकी कुठल्याच नगरपालिकेचा पगार न घेणारा. असा माणूस तिथे एकच होता. राखणदाराने चपला काढल्या, टेपचं टोक घेतलं आणि तो पाण्यात उतरला.

“इथे बरं का?”

“अजून थोडे तिकडे व्हा,” साहेब म्हणाले.

टेप ताणली गेली. बाईंच्या शिपायाने लाल रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि व्हरांडा पार करून झोपायच्या खोलीच्या मागच्या भिंतीशी गेला. आत चौदा मुलं दुपारची झोपली होती.

“बाळ्या,” बहीण म्हणाली. या वेळी हळू. “यांना कुठे रे नेऊ?”

आरेखक पूल ओलांडून पलीकडे गेला, पुलाच्या कोपऱ्यापासून पावलं मोजत भरावावर चढला आणि नकाशातल्या मध्यावर जाऊन थांबला. मग त्याने खाली वाकून पँट दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत दुमडली.

मागून नवा डंपर उलटा येत होता. त्याने हॉर्न दिला. मग लांब हॉर्न दिला. शेवटी ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“ओ काका, सरका ना! माती टाकायचीय.”

“ओढ्यात गाडी घालू नका,” आरेखक म्हणाला.

ड्रायव्हरने त्याच्या पायांखालच्या धुळीकडे पाहिलं, मग दोन्ही काठांवरच्या साहेबलोकांकडे पाहिलं.

“पाणी कुठंय इथे?”

“गुडघाभर आहे,” आरेखक म्हणाला, आणि त्याने पँटची आणखी एक घडी वर घेतली.